आबांनी मसाला तपासला

राजनंदिनीचा दुसरा रिपोर्ट चांगलाच येणार, अशी सपकळांच्या घरात सगळ्यांची खात्री होती. इतकी खात्री, की बारामतीला दवाखान्यात जाताना तिच्या आजीनं, छबूबाईंनी, डॉक्टरांना द्यायला अर्धा किलो पेढे घेतले होते. डॉक्टरांनी रिपोर्ट उघडला, चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि पेढ्यांचा पुडा छबूबाईंच्या मांडीवर होता तिथंच राहिला.

"सहा महिने झाले गहू बंद करून," डॉक्टर म्हणाले, "आणि रक्तातला आकडा जवळजवळ आहे तिथंच आहे. कुठून तरी गहू पोटात जातोय."

"घरात गव्हाचा दाणा न्हाय, साहेब," तिचे आजोबा, आबा, म्हणाले. "पोरीसाठी आमी सगळ्यांनी सोडला. पाव्हण्यालासुदिक भाकरी वाढतोय."

"पोळी दिसते हो आजोबा. मसाल्यातला गहू दिसत नाही. चटण्या, लोणची, सॉस, तयार मसाले, एकेक डबा तपासा. तीन महिन्यांनी परत रक्त बघू. तेव्हाही आकडा उतरला नाही, तर पुण्याला नेऊन दुर्बीण घालावी लागेल." मग राजनंदिनीकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "नऊ वर्षांची आहे आणि वजन एकोणीस किलो. गव्हातल्या ग्लुटेननं आतडं खराब झालंय, खाल्लेलं अंगी लागत नाही. वाढायची वर्षं अशी निघून गेली की परत मिळत नाहीत."

आवाज खाली आणून उपयोग नव्हता, पोरीचे कान शाबूत होते. "दुर्बीण म्हणजे डोळ्यांची का?" तिनं विचारलं.

"न्हाय बाळा, घशातनं नळी घालत्यात," आबांनी खरं ते सांगून टाकलं. पोरांशी खोटं बोलू नये, असं त्यांचं मत होतं.

जोतीराम सपकळ ऊर्फ आबा म्हणजे साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेला माणूस. चौतीस वर्षं उसाचा रस तपासला. भवानीनगरात कुणी चहा गोड झालाय म्हटलं तरी ते "किती गोड?" असं विचारायचे, आणि "चांगला गोड" हे उत्तर त्यांच्या लेखी उत्तरच नव्हतं. आता लॅबमध्ये ते केमिस्ट नव्हते, केमिस्टच्या हाताखाली नळ्या धुवायचे आणि आकडे वाचून दाखवायचे, पण हे घरात बोलायची पद्धत नव्हती. एसटीतून परत येतानाच त्यांनी जाहीर केलं, "ही तपासणी आता माझ्याकडं. बायकांच्या अंदाजपंचे कारभारानं पोरीचं वाटोळं झालंय."

सून श्रेया, राजनंदिनीची आई, खिडकीबाहेर बघत बसली. ती बारामतीतल्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. पोरीच्या आजारापायी गेलं वर्षभर तिनं पुस्तकं, मोबाईल, डॉक्टर सगळं पालथं घातलं होतं, आणि "बायका" या शब्दात आपणही येतो हे तिला बरोबर कळलं होतं. तिचा नवरा रविराज चाकणला कंपनीत. पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा आणि घरात सगळं ठीक चाललंय असं धरून परत जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, हातात भिंग घेऊन आबा स्वयंपाकघरात शिरले. भिंग लॅबमधलं, निवृत्त होताना परत द्यायचं राहून गेलेलं. पहिलीच डबी हाताला लागली ती हिंगाची. हिंगाच्या डबीत हिंगच असणार, त्यात काय बघायचं, म्हणून ते ती बाजूला ठेवणार होते. पण तपासणी म्हणजे तपासणी. डबी फिरवली, भिंग लावलं, आणि मुंगीएवढ्या अक्षरांत वाचलं: गव्हाचं पीठ, डिंक, आणि शेवटी कुठंतरी हिंग.

"अगं ए," आबा ओरडले, "हिंगात कणीक हाय!"

"काय बी बोलताय." छबूबाई हात पुसत आल्या, भिंगातून त्यांनी स्वतः बघितलं, आणि त्यांचा हात तसाच राहिला. "म्हंजी चाळीस वर्षं मी आमटीला कणकेची फोडणी देत आलीय व्हय?"

एवढ्यावर भागलं असतं तर हसण्यावारी नेता आलं असतं. पण राजनंदिनीचं पोट दुखायचं, रोज दुखायचं, आणि दुखलं की छबूबाई ताकात चांगला चिमूटभर हिंग घालून तिला पाजायच्या. पोट दुखतं म्हणून हिंग, आणि हिंग पोटात गेला म्हणून परत पोट दुखतं, असं सहा महिने चाललं होतं. छबूबाई ओट्याला धरून खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडल्या. आबांनी त्यांची समजूत घातली, म्हणजे "मी म्हणत हुतो ना, अंदाजपंचे कारभार" असं म्हणाले.

हिंग गेला म्हणजे हिंग घातलेलं सगळंच गेलं. कैरीच्या लोणच्याची पाच किलोची बरणी कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली; तो कढीपत्ता आठ दिवसांत जळून गेला. मग पाळी आली येसराची. येसर म्हणजे धान्यं आणि डाळी भाजून दळलेलं पीठ, आमटी दाट व्हावी म्हणून घालतात. ते दरवर्षी निरवांगीहून छबूबाईंची बहीण भागूबाई पाठवायची. आबांनी तिला फोन लावला.

"भागूबाई, येसरात काय काय घालता?"

"गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धनं. का वो दाजी?"

"गहू कशाला?"

"आता गव्हाबिगर येसर कसं व्हईल? वीस वर्षं मिटक्या मारत खाल्लं तुमी, आन आता इख वाटाय लागलं व्हय?" फोन आपटल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून दोघी बहिणींचं बोलणं बंद आहे, आणि त्यात छबूबाईंनी एक अक्षरही बोललेलं नव्हतं.

शेजारचे विजयसिंह तात्या कारखान्याच्या शेतकी खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्याकडं जगातल्या कुठल्याही दुखण्यावर दोन उपाय तयार असायचे. "गहू एकदम तोडला हीच चूक झाली, जोतीराम," ते कुंपणावरून म्हणाले. "रोज चिमूट चिमूट द्यायचा. शरीराला सवय लागती." आबांनी दोन्ही हात जोडले. तेव्हा तात्यांनी दुसरा उपाय काढला. "आन डबं वाचून काय कळणार? छापणारा काय बी छापंल. तू लॅबमधला माणूस ना? मग आयोडीन टाक की. पीठ असंल तितं काळं पडतंय."

लॅबमधला माणूस म्हटल्यावर आबांना राहवेना. मेडिकलमधून जखमेवर लावायचं आयोडीन आणलं, ओट्यावर बावीस वाट्या मांडल्या. हळद, धनेपूड, गरम मसाला, सांबार मसाला, सॉस, चिंचेची चटणी, पापडाचा चुरा, जे जे म्हणून तोंडी लावायचं होतं ते ते. प्रत्येक वाटीत दोन दोन थेंब. नळ्या धुण्याऐवजी थेंब टाकायची संधी आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

श्रेया शाळेतून आली तेव्हा ओटाभर काळंनिळं झालं होतं आणि आबा हात पुसत उभे होते. "सगळं नापास," ते म्हणाले. "एक मीठ सोडून."

राजनंदिनी वाट्या बघत जवळ आली. शेवटच्या दोन वाट्यांत ज्वारीचं पीठ आणि भाताची शितं होती. तीही काळी. "आबा, भाकरीतपण गहू आहे?"

"दिसतोय तर खरा."

"मग मी काय खाऊ?" असं म्हणून ती रडायला लागली. मोठ्यानं नाही, नाक ओढत, सवयीचं झाल्यासारखं.

श्रेयानं पर्स खाली ठेवली आणि तिला जवळ घेतलं. "आबा, आयोडीननं नुसतं पिष्ट कळतं. ज्वारी, तांदूळ, बटाटा, सगळ्यात पिष्ट असतं. गहू वेगळा कळत नाही. आमच्या सातवीच्या मुलांना येतं हे."

शेवटचं वाक्य तिनं बोलायला नको होतं. आधीचं सगळं आबांनी ऐकलं होतं, पटलंही होतं. पण त्या शेवटच्या वाक्यानंतर ते पटलं असं कबूल करायची सोय उरली नाही. चौतीस वर्षं लॅबमध्ये घालवलेल्या माणसाला सुनेनं सातवीच्या वर्गात नेऊन बसवलं होतं. त्या दिवसापासून श्रेया जे म्हणेल त्याच्या उलट करायचं, असं आबांनी ठरवलं नाही. पण होत मात्र तसंच गेलं.

सॉसच्या बाटलीवर ग्राहक सेवेचा नंबर होता. आबांनी तो लावला, एक दाबलं, तीन दाबलं, परत एक दाबलं, पाऊण तास सनई ऐकली. शेवटी एक मुलगी आली.

"बाटलीत काय सापडलं सर? केस, काच की झुरळ?"

"काय बी सापडलं न्हाय. गहू हाय का ते इचारतोय."

"गहू सापडला. किती दाणे सर?"

"आवो बाई, सापडला न्हाय! हाय का न्हाय, एवढंच सांगा."

"सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." आठ दिवसांनी कंपनीकडून दोन बाटल्या फुकट आल्या, आणि सोबत बाटलीत आढळलेल्या गव्हाबद्दल दिलगिरीचं पत्र. गहू आहे की नाही ते त्यात नव्हतं. दोन्ही बाटल्या विजयसिंह तात्या घेऊन गेले. मग आबांनी पुण्याच्या सरकारी कार्यालयात अर्ज केला, तर तिकडून उत्तर आलं की गहू हा खाण्याचा पदार्थ आहे, त्याला भेसळ म्हणता येत नाही. भेसळ असल्यास तसा वेगळा अर्ज करावा. आबांनी तेही पत्र जपून ठेवलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

जानेवारीत त्यांनी निकराचा निर्णय घेतला. तयार काही आणायचंच नाही. वर्षाचा मसाला घरी करायचा आणि आपण स्वतः करायचा. अख्खी मिरची, अख्खे धने, खोबऱ्याच्या वाट्या, लवंग, दालचिनी. अख्ख्या मिरचीत कोण गहू घालणार?

"घरच्या मिक्सरवर थोडा थोडा करू या आबा," श्रेया म्हणाली.

"मिक्सरचा मसाला म्हंजी मसाला न्हवं," आबा म्हणाले. मिक्सरनं त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. मिक्सर श्रेयाला सुचला होता, एवढाच त्याचा गुन्हा.

मिरची गच्चीवर वाळत घातली. शेजारच्या गच्चीवर कुणी गहू पसरला होता, म्हणून आबा दोन दिवस वाऱ्याच्या बाजूला छत्री धरून बसून राहिले. खालून जाणारे लोक आधी हसायचे, मग विचारायचे, आणि उत्तर ऐकलं की गप्प होऊन पुढं जायचे. सगळं साहित्य भाजून झाल्यावर छबूबाई पदर खोचून निघाल्या, तर आबांनी त्यांना दारातच थांबवलं. "तू घरी बस. हितं हयगय चालायची न्हाय."

बनाबाईचं मिरची कांडप कॉलनीच्या मागं. पत्र्याची शेड आणि आत धडाधड वरखाली होणारी लोखंडी मुसळं. बाई इतकी प्रामाणिक, की कुणाच्या चार लवंगा तिथं राहिल्या तरी घरी नेऊन द्यायची. आबा तराजू बरोबर घेऊन गेले होते. "बनाबाई, दोन गोष्टी ध्यानात ठेव," ते म्हणाले. "दुसऱ्याचा एक कण माझ्या मसाल्यात येता कामा न्हाय. आन माझा एक कण मागं ऱ्हाता कामा न्हाय. पोरीच्या जिवाचा सवाल हाय."

"पोरीचं नाव घेतलं तुमी, आता काय बोलायचंच न्हाय," बनाबाई म्हणाली. "एकदम चोख करून देते. तुमी भाईर बसा, ठसका लागंल."

आबा म्हणाले, आपण इथंच उभे राहणार. दोन मिनिटं राहिले. मग डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या आणि ते बाहेर लिंबाखाली जाऊन खोकत बसले. तासाभरानं बनाबाईनं डबा आणून दिला. मसाला लालभडक आणि मऊसूत. आबांनी वजन केलं. साहित्य तीन किलो दिलं होतं. मसाला तीन किलो शंभर ग्रॅम भरला. कांडपात माल घटतो, वाढत नाही, हे लॅबमधल्या माणसाला कळायला हवं होतं. आबांना एवढंच कळलं की बनाबाई फार प्रामाणिक आहे.

मसाला चवीलाही उतरला. "आबांचा मसाला" असं त्याला घरात नावच पडलं. राजनंदिनी तर भातावर तेल आणि आबांचा मसाला घेऊन दोन्ही वेळा खायची. पोर आवडीनं खातेय हेच इतक्या महिन्यांत पहिल्यांदा दिसत होतं. ती जेवायला बसली की आबा स्वतः उठायचे आणि चमचा भरून वाढायचे. सुनेच्या देखत वाढायला त्यांना जास्त बरं वाटायचं.

मार्चच्या शेवटी तिसरा रिपोर्ट आला. आकडा वाढला होता.

आता घरात तपासायला काही उरलंच नव्हतं. डबे आबांनी निवडलेले, मसाला आबांच्या हातचा. मग उरली माणसं. आबांनी माणसं तपासायला घेतली. श्रेया अंघोळीला गेली की तिची पर्स बघायची. पोरीचं दप्तर उलटं करून झटकायचं. कपाटात साड्यांच्या मागं बिस्किटाचा पुडा आहे का ते बघायचं. काही सापडत नव्हतं, आणि काही सापडत नाही यावरून आबांचा संशय पक्का होत गेला की कुणीतरी फार हुशारीनं लपवतंय. एकदा जेवताना ते सगळ्यांच्या देखत म्हणाले, "आईला नोकरी प्यारी असली की पोर भाईरचं खाणारच." श्रेया ताटावरून उठली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिनं शाळेत राजीनामा दिला.

त्याआधीच्या रविवारी दुपारी आबांनी राजनंदिनीला समोर खुर्चीवर बसवलं होतं. "खरं सांग. शाळेत कुणाच्या डब्यातलं काय खाल्लंस?"

"काही नाही."

"बिस्कीट?"

"नाही."

"आकडा खोटं बोलत न्हाय, बाळा. आकडा म्हणतोय, तू खाल्लंस. आबा रागावणार न्हायती. फक्त खरं सांग."

अर्धा तास झाला. छबूबाई मध्येच येऊन "सोडा की तिला" म्हणून गेल्या. पोरीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती ते हलवत बसली होती, मग हलवायचीही थांबली.

"खाल्लं," ती म्हणाली.

"कुणाचं?"

तिनं छताकडं बघितलं. "धनश्रीचं."

"किती?"

"अर्धं."

आबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "शाब्बास. आता कसं मोकळं वाटतंय का न्हाय?" ती हो म्हणाली.

सोमवारी आबा शाळेत गेले. वर्गाच्या बाईंना भेटले, धनश्रीच्या आईला बोलावून घेतलं आणि तिला आतड्यांविषयी वीस मिनिटं माहिती दिली. धनश्री राजनंदिनीची पहिलीपासूनची मैत्रीण. तिचा बाक बदलून खिडकीपाशी नेला. शिवाय मधल्या सुट्टीत नातीजवळ बसायची परवानगी आबांनी लेखी मागितली, आणि ती लेखी मिळाली. तेव्हापासून रोज मधल्या सुट्टीत आबा हजर. व्हरांड्याच्या टोकाला दोघंच बसायचे. डब्यात भात, भातावर मसाला, आणि कमी पडला तर म्हणून छोट्या डबीत आणखी मसाला. एकदा एक पोरगी आपला डबा घेऊन जवळ आली, तर आबांनी तिच्या डब्याला भिंग लावलं. परत कुणी आलं नाही. संध्याकाळी ते श्रेयाला सांगायचे, "आज भाईरचं काय पोटात गेलं न्हाय." श्रेया नुसतं हं म्हणायची. पोट मात्र दुखतच होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याला दुर्बीण झाली. रविराज रजा काढून आला होता. दवाखान्याच्या हिरव्या अंगरख्यात पोर आणखीच लहान दिसत होती. आत नेताना तिनं आबांचं बोट धरलं.

"आबा, खोटं बोललं की नळी घालतात का?"

"म्हणून तर नेहमी खरं बोलावं," आबा म्हणाले. आणि ती आत गेल्यावर रविराजला त्यांनी सांगितलं, "पोरीला चूक कळली. हे लई महत्त्वाचं."

आतडं होतं तसंच खराब होतं. "एखाद्या बिस्किटानं असं होत नाही," तिथले डॉक्टर म्हणाले. "रोज जातंय काहीतरी. थोडं थोडं, पण रोज."

पुण्याहून आल्यावर चौथ्या दिवशी, वर्षाचा म्हणून केलेल्या मसाल्याचा डबा तळाला लागला. पोरीचा घसा दुखत होता आणि ती मसाल्याशिवाय भात खाईना. आबांनी परत मिरची आणली, भाजली, आणि बनाबाईकडं गेले. आत दुसऱ्या कुणाचा मसाला चालला होता. या खेपेला त्यांनी नाकातोंडाला उपरणं गुंडाळलं होतं, त्यामुळं त्यांना आत उभं राहता आलं. बनाबाईनं मुसळांखालचा मसाला काढून घेतला. मग कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात हात घातला, पसाभर धान्य काढलं आणि मुसळांखाली टाकलं. धान्याचं बघता बघता लाल पीठ झालं. ते तिनं कुंच्यानं झाडून घेतलं, गिऱ्हाइकाच्या डब्यात ओतलं आणि हातानं मसाल्यात सारखं कालवून टाकलं.

आबांनी उपरणं खाली ओढलं. "बनाबाई, काय टाकलंस ते?"

"गहू," बनाबाई म्हणाली. "त्येच्याबिगर शेवटचा मसाला निघत न्हाय आबा, लोखंडाला धरून बसतो. गहू त्येला वडून आणतो. मग ज्येचा मसाला, त्येच्या डब्यात. मी कुणाचा ठेवून घेत न्हाय."

"माझ्या येळंला..."

"तुमच्या येळंला दोनदा. आदी एक पसा टाकून मुसळं साफ केली, दुसऱ्याचं तिखट याया नगं म्हणून. आन मागनं एक पसा टाकून तुमचा कण आन कण काढून दिला. तुमीच म्हणला व्हता न्हवं?" तिनं हात झटकले. "पोरगी कशी हाय आता?"

"बरी हाय," आबा म्हणाले.

बनाबाईचं काय चुकलं होतं? दोन गोष्टी सांगितल्या होत्या, दोन्ही तिनं मनापासून केल्या होत्या. छबूबाई बरोबर असत्या तर त्यांनी तो पसा वरच्यावर धरला असता. चाळीस वर्षं त्या कांडपावर जात होत्या, आणि सवयीचा तो पसा घरी बसून त्यांना आठवला नव्हता. पण तपासणी बायकांकडं नव्हती. आबा भाजलेल्या मिरचीचा डबा तसाच डोक्यावर घेऊन उन्हातून घरी निघाले. वाटेत विजयसिंह तात्यांनी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

घरी राजनंदिनी जमिनीवर बसून भात खात होती. वर तेल आणि डब्याच्या तळाचा मसाला. आबांनी पुढं होऊन तिच्या पुढ्यातलं ताट उचललं.

"मी काही नाही केलं," ती लगेच म्हणाली.

ताट खाली ठेवायचं आबांना सुचेना. ते हातात धरून, उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. एक पसा आधी, एक पसा मागनं, तीन किलोवर शंभर ग्रॅम. "माझ्याच हातानं," ते म्हणाले. "चमच्या चमच्यानं. शाळेत जाऊनसुदिक."

"अगं आई गं," छबूबाई म्हणाल्या. "मला न्यायचं की वो बरोबर. मला न्यायचं की."

श्रेयाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "तुम्ही माझी पर्स तपासायचात, आबा. मला कळत नव्हतं असं वाटलं का? तुम्हाला चेन उघडत बसावं लागू नये म्हणून मी ती उघडीच ठेवून जायचे. नोकरी सोडली मी. पोरीच्या घशात नळी घातली आपण. एकदा, एकदा तरी वाटलं नाही का तुम्हाला, की आपलं चुकत असेल?"

"न्हाय वाटलं," आबा म्हणाले. "चुकलो म्या, पोरी. लई वाईट चुकलो."

श्रेयानं मसाल्याचा डबा उचलला, मोरीत उपडा केला आणि वर नळ सोडला. पाणी लाल होऊन वाहत राहिलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि म्हणावं असं आबांनाही वाटलं नाही.

राजनंदिनी आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होती. "आबा," ती म्हणाली, "मग मी बिस्कीट खाल्लं होतं का?"

आबा ताट तसंच धरून तिच्याकडं वळले.

"तुला ठावं असंल की ते," आबा म्हणाले.

"मी नव्हतं खाल्लं. पण तुम्ही म्हणालात, आकडा खोटं बोलत नाही."

"मग हो कशाला म्हणालीस, बाळा?"

"तुम्ही खुर्चीवरून उठू देत नव्हता." तिनं ताटाबाहेर पडलेली दोन शितं बोटानं गोळा केली. "धनश्रीला तिच्या मम्मीनं उलथन्यानं मारलं. ती पण आधी नाहीच म्हणत होती."

आबांनी ताट ओट्यावर ठेवलं. दाराशी जाऊन चपला पायात घालू लागले. अंगठा चुकत होता, दोनदा घालावी लागली.

"आता कुठं निघालात?" छबूबाईंनी विचारलं.

"धनश्रीच्या घरी. खरं काय ते सांगून येतो."

राजनंदिनी उठली, हात फ्रॉकला पुसले आणि आपल्या चपला शोधायला लागली.

"मी पण येते," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही परत तिलाच विचारत बसाल."